कलमाआधीचा ठिपका

पुणे-सोलापूर महामार्गाने पूर्वेकडे निघाले असता यवत ओलांडल्यावर आणि चौफुला येण्यापूर्वी जे भांडगाव लागते, ते दौंड तालुक्यातील अनेक गावांप्रमाणे प्रथमदर्शनी उसाच्या मळ्यांचे गाव वाटते; परंतु अशा गावाचा सार्वजनिक व्यवहार शेतीइतकाच कागदावरही चालतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ अन्वये वित्तीय वर्षात ग्रामसभेच्या किमान चार बैठका व्हाव्या लागतात. प्रत्येक बैठकीची नोटीस निघते, नोटिशीत विषयांची यादी असते, बैठकीनंतर इतिवृत्त लिहिले जाते आणि इतिवृत्तात ठराव येतात. हे सारे कागद मुळात याद्याच होत. पूर्वी त्या शाईने लिहिल्या जात, आता संगणकावर, बहुधा वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर यांपैकी एखाद्या प्रणालीत, टंकित होतात. यादीतील प्रत्येक कलमाच्या आधी जे ठिपक्याचे, चौकोनाचे वा बाणाचे चिन्ह येते, ज्याला सर्वत्र बुलेट म्हणतात, त्याची मांडणी मनाजोगती कशी करावी, हा विषय वरवर क्षुल्लक दिसला तरी मला तो तसा वाटत नाही. कारण ते चिन्ह कोठे उभे आहे यावरून कोणते कलम स्वतंत्र आणि कोणते दुसऱ्याच्या पोटातले, हे वाचणाऱ्याला कळते.

आपल्याकडे ही दृष्टी नवी नाही. पेशवाईतील कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढीत आणि मग तिच्याखाली मोडी अक्षरे लिहीत जात. करारमदाराची याद लिहावयाची असल्यास मजकूर कलमवार तोडला जाई आणि शेवटी एकूण कलमे किती तेही नमूद होई, जेणेकरून मागाहून एखादे कलम घुसडणे वा गाळणे कोणास साधू नये. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० पासून संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांतून या शिस्तीचा परिचय होतो. छपाई आल्यावर ही जबाबदारी खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरकडे गेली. भांडगावच्या शेजारी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता, आणि रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, तेथूनच छापून निघाले. अशा छापखान्यात ओळ किती आत घ्यायची हे डोळ्यांच्या अदमासाने ठरत नसे; त्यासाठी ठराविक मापाचे कोरे खिळे असत.

संगणकावर मात्र ही मापे उपलब्ध असूनही पुष्कळ लोक स्पेसबार दाबून दाबून ओळ आत सरकवतात, आणि अक्षराचा आकार बदलला किंवा दुसऱ्या संगणकावर फाईल उघडली की सारी रांग विस्कटते. यावरचा उपाय असा की, वर्डमध्ये यादीतील ठिपक्यावर माउसची उजवी कळ दाबून ‘ॲडजस्ट लिस्ट इंडेंट्स’ हा पर्याय घ्यावा. तेथे चिन्ह समासापासून किती अंतरावर असावे आणि मजकूर किती अंतरावर सुरू व्हावा, ही दोन मापे वेगवेगळी देता येतात. दुसरे माप पहिल्यापेक्षा मोठे ठेवले, की कलमाची दुसरी ओळ ठिपक्याखाली न घसरता पहिल्या ओळीच्या मजकुराखाली नेमकी बसते. पोटकलम करायचे असल्यास कलमाच्या आरंभी टॅब दाबावा, परत वर आणायचे असल्यास शिफ्टसह टॅब दाबावा. आणि त्याच कलमात, नवा ठिपका न आणता, केवळ नवी ओळ हवी असेल तर शिफ्टसह एंटर.

चिन्ह बदलण्याची सोय बुलेटच्या बटणाशेजारच्या बाणाखाली, ‘डिफाइन न्यू बुलेट’ येथे आहे. येथे एक गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिचा त्रास अनेकांना होतो आणि त्यामागचे कारण सहसा उमगत नाही. वर्ड जो नेहमीचा काळा ठिपका देते तो युनिकोडमधला सर्वमान्य ठिपका नसून ‘सिंबॉल’ नावाच्या फॉन्टातील, खासगी वापरासाठी राखलेल्या स्थानावरचा असतो. बाण आणि टिकमार्क असेच ‘विंगडिंग्ज’मधून येतात. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाही, मग तो कोणाचा मोबाइल असो वा दुसऱ्या कचेरीचा संगणक, तेथे ठिपक्याच्या जागी रिकामा चौकोन उमटण्याची शक्यता असते. म्हणून चिन्ह निवडताना फॉन्ट ‘निर्मला यूआय’ किंवा ‘एरियल’ घ्यावा आणि संकेतांकाच्या चौकटीत २०२२ हा आकडा इंग्रजी अंकांत लिहावा. हा युनिकोडचा ठिपका आहे आणि तो बहुतेक ठिकाणी शाबूत पोहोचतो.

दुसरी तक्रार ठिपक्याच्या आकाराची. मजकूर मोठा केला तरी ठिपका लहानच राहतो किंवा अकारण लाल, ठळक होतो. वर्डमध्ये ठिपका आपले रूप परिच्छेदाच्या अखेरीस दडलेल्या परिच्छेदचिन्हाकडून घेतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ या कळा एकत्र दाबल्या की ते चिन्ह पडद्यावर दिसू लागते. मग केवळ तेवढेच निवडून त्याचा रंग वा आकार बदलला, की मजकुराला धक्का न लागता ठिपका सुधारतो. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असल्याने रोमन लिपीच्या बेताने बसवलेला ठिपका कधी कधी खाली गेलेला भासतो. त्याला ‘फॉन्ट’च्या प्रगत पर्यायांतून अर्धा-एक पॉइंट वर उचलता येते.

परंतु हे सर्व एकेका यादीत हाताने करणे म्हणजे दर बैठकीला नवा नियम करणे होय. खरा शहाणपणाचा मार्ग ‘स्टाइल’, म्हणजे शैली, हा आहे. वर्डमधील ‘लिस्ट बुलेट’ या शैलीत एकदा माप, चिन्ह आणि अंतर ठरवून दिले, की ती शैली लावलेल्या साऱ्या याद्या एकाच वेळी बदलतात. लिबरऑफिस रायटरमध्येही याद्यांच्या शैली स्वतंत्र असतात. एफ११ कळेने त्यांचा फलक उघडतो, आणि ही प्रणाली विनामूल्य असल्याने ग्रामपंचायतीला वा शाळेला खर्चाची सबब सांगता येत नाही.

राहिला प्रश्न ठिपका की अंक, हा. ठिपका सर्व कलमे समान दर्जाची आहेत एवढेच सांगतो. त्यांना नाव देत नाही. शिबिराला येताना काय आणावे, अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडावीत, अशा यादीला तो शोभतो. ग्रामसभेच्या विषयांना मात्र अंकच हवेत, कारण उद्या कोणा ग्रामस्थाला ‘विषय क्रमांक ४ वरील ठरावाची नक्कल मिळावी’ असा अर्ज करायचा असेल, तर ठिपक्याचा हवाला त्याने कसा द्यावा? वर्डच्या अंकशैलींत १, २, ३ हे देवनागरी अंकही मिळतात. भांडगावात काय किंवा अन्य कोठे काय, ज्यांच्या हाती पुढील नोटिशीचा मसुदा आहे त्यांनी विषयांना अंक, सोबतच्या सूचनांना ठिपके आणि दोहोंना कायमची शैली, एवढे अवश्य करावे. नोटीस वाचायला आलेल्या वृद्ध ग्रामस्थाला आपला विषय कोणता, हे कोणाला न विचारता सापडले पाहिजे.