पाण्याचा दिवस कोणाच्या डोक्यात?

छत्रपती संभाजीनगरात आज कोणता वार आहे हे एखाद्याला चटकन आठवणार नाही, पण आज पाण्याचा दिवस आहे की नाही हे घरात कुणीतरी झोपेतूनही सांगेल. जायकवाडीच्या नाथसागराच्या पोटात शंभर टीएमसीहून जास्त पाणी मावतं आणि शहरापासून तो आहे जेमतेम पन्नास किलोमीटरवर. तरी इथल्या नळांनी वर्षानुवर्षं रोजचं पाणी पाहिलेलं नाही. कुठे पाच दिवसांनी, कुठे आठ, उन्हाळ्यात त्याहून जास्त निर्जळी.

पाणी सुटलं की मोटार लावायची, हौद भरून घ्यायचा, पिण्याचं वेगळं गाळायचं, चादरी-गोधड्या त्याच दिवशी धुवायला काढायच्या. हे झालं दिसणारं काम. त्याच्या मागे एक न दिसणारं काम असतं. मागचं पाणी कधी आलं होतं, हौदात किती उरलंय, पुढचं रात्री दोनला सुटलं तर उठायचं कुणी? हा हिशेब चोवीस तास कुणाच्या तरी डोक्यात चालू असतो. आणि ते डोकं बहुतेक वेळा त्याच क्षणी घाटी रुग्णालयाच्या वॉर्डात औषधं वाटत असतं, वाळूजच्या कारखान्यात उभं असतं किंवा बँकेच्या काउंटरमागे नोटा मोजत असतं.

हे काम मोजायचं कसं? केंद्र सरकारने २०१९ आणि २०२४ मध्ये देशभरातल्या लोकांच्या वेळेची पाहणी केली. पद्धत भलतीच रंजक आहे. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अशा दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात काय केलं ते विचारायचं. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. पाच वर्षांनी आकडे आले २८९ आणि ८८. म्हणजे बायकांचा भार दहा मिनिटांनी हलका झाला खरा, पण पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं वाचवली!

याहून नवलाची गोष्ट त्या पाहणीच्या नियमांत आहे. अर्ध्या तासात अनेक कामं झाली, तर निदान दहा मिनिटं चाललेलीच नोंदवायची. पाहणीला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण ‘उद्या पाणी आहे, आज पीठ दळून आणायला हवं’ हे आठवायला दहा सेकंदही लागत नाहीत. अशा शंभर आठवणी दिवसभर येऊन गेल्या, तरी सरकारदरबारी त्यांची नोंद शून्य.

अ‍ॅलिसन डॅमिंजर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये नेमकं हेच पकडलं. ३५ जोडप्यांशी सविस्तर बोलून त्यांनी घरकामाच्या विचाराचे चार भाग वेगळे काढले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि ते झालं की नाही यावर नजर ठेवणं. निर्णय बरेचदा दोघं मिळून घेत होते. आधी ओळखणं आणि नंतर नजर ठेवणं मात्र मुख्यतः बायकांकडे. ‘तू फक्त सांग, मी करतो’ असं म्हणणारा नवरा खरंच काम करतो, पण सांगणं हेच मोठं काम आहे हे त्याच्या गावीही नसतं.

हे न दिसणारं काम ‘मी कोण’ या प्रश्नापर्यंतही पोचतं. कसं? शेल्डन स्ट्रायकर या समाजशास्त्रज्ञाची मांडणी अशी, की माणसाचा ‘मी’ अनेक भूमिकांचा बनतो आणि त्यांत वर-खाली क्रम लागतो. जी भूमिका प्रसंगाप्रसंगाला पुढे येते ती वरची. १९८७ मध्ये पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी त्यात भर घातली: माणसाकडे एकमेकांपासून वेगळे असे अनेक ‘मी’ असतील, तर एका ठिकाणचा धक्का दुसरीकडे पोचत नाही. पुढच्या सगळ्या अभ्यासांनी याला तितकीच साथ दिली नाही, पण ‘वेगळे’ ही अट मला फार मोलाची वाटते. दुपारी तीनला काउंटरवर हौदाची पातळी आठवत असेल, तर बँकेतली ‘मी’ पूर्ण वेळ बँकेत नसतेच. पगार तिचा, पदही तिचं, पण लक्षाची वाटणी आधीच झालेली.

आपल्या मातीत न दिसणाऱ्या कामाची एक अचाट कथा आहे, तीही पाण्याचीच. पैठणला एकनाथांच्या वाड्यात श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षं गोदावरीचं पाणी वाहत होता. कुणी सांगावं आणि मग त्याने भरावं, असं नव्हतं. रांजण ही त्याचीच जबाबदारी. तो साक्षात श्रीकृष्ण होता, हे घरात कुणालाच कळलं नाही. द्वारकेहून एक ब्राह्मण देवाला शोधत आला तेव्हा उलगडा झाला आणि श्रीखंड्या अंतर्धान पावला. भक्तीची कथा म्हणून ती आपण ऐकतोच. पण जरा तिरक्या नजरेने पाहा: रोजचं पाणी भरणाऱ्याची ओळख कामामागे इतकी झाकली जाते, की नाथांसारख्याच्या घरातही बारा वर्षं देव दिसला नाही!

मग नवऱ्यावर काम सोपवलं की झालं? इथे गाठ आहे. सारा अ‍ॅलन आणि अ‍ॅलन हॉकिन्स यांनी १९९९ मध्ये ६२२ नोकरदार आयांचा अभ्यास केला. त्यांतल्या २१ टक्के आया घरकामाच्या दाराशी स्वतःच पहारा देत होत्या. नवऱ्याने केलेलं पुन्हा करायचं, आपलीच पद्धत खरी मानायची. त्यांना हेकट म्हणणं सोपं आहे. पण जिथे हौद, डबे, सणवार यांवरच बाईचा शब्द चालतो, तिथे ते सोडताना ओझं उतरतं तसा अधिकारही जातो. ऑफिसात तिचा शब्द किती चालतो, यावर घरातली पकड सैल होणं अवलंबून असणार, असं मला वाटतं.

म्हणून वाटणी मिनिटांत मोजण्यापेक्षा संभाजीनगरकरांनी एक सोपी कसोटी लावून पाहावी. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या लाइनमनचा नंबर घरात कुणाच्या फोनमध्ये आहे? आणि टाकी भरून वाहू लागली तर शेजारचे हाक कुणाच्या नावाने मारतात?