एम.बी.ए.चा अर्ज : पुढे काय करणार?

आपल्या घरांतली मुले-मुली आता परदेशी जाऊन व्यवसाय-व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. रेद्वी येथील मॉरिशस विद्यापीठाची पदवी घ्यावी, तीन-चार वर्षे नोकरी करावी आणि मग फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका किंवा भारतातील एखाद्या संस्थेत एम.बी.ए.साठी अर्ज करावा, असा विचार पुष्कळ तरुण करतात. जीमॅट परीक्षेची तयारी होते, शिफारसपत्रे मिळतात, पैशांची जुळवाजुळवही होते. पण अर्जात एक साधा प्रश्न येतो आणि लेखणी तेथेच अडते. शिक्षण संपल्यावर लगेच काय करणार आणि पुढे दहा-पंधरा वर्षांनी काय करीत असणार? पहिले अल्पकालीन ध्येय आणि दुसरे दीर्घकालीन.

बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : ‘मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपनीत वरची जागा मिळवीन आणि नंतर मायदेशी परतून देशाची सेवा करीन.’ वाक्य वाईट नाही. पण ते कोणीही लिहू शकेल. लिहिणारा त्यात कोठेच दिसत नाही.

संस्था हे विचारते त्याला कारण आहे. उमेदवाराला आपल्या शिक्षणाचा नेमका उपयोग होईल काय आणि पुढे त्याला हवी ती नोकरी मिळण्याजोगी आहे काय, हे तिला पाहावयाचे असते.

अल्पकालीन ध्येय

या उत्तरात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : कोणते काम, कोणत्या प्रकारच्या संस्थेत आणि कोठे. एक उदाहरण घेऊ. समजा, वाक्वाची एक मुलगी चार वर्षे एबेनच्या एका कचेरीत गुंतवणूक निधींचे हिशेब पाहते आहे. ‘मला वित्तक्षेत्रात पुढे जायचे आहे’ असे तिने लिहिले, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी तिने लिहावे : ‘आफ्रिकेतील सौरवीज प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या बँकेत किंवा निधीत, प्रकल्पांची आर्थिक छाननी करण्याचे काम मला करावयाचे आहे.’ आता चित्र उभे राहते. तिच्याजवळ काय आहे? हिशेबाचा अनुभव, आणि इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषा, ज्या आफ्रिकेत उपयोगी पडतात. काय कमी आहे? प्रकल्पाचे मूल्य ठरविणे, वाटाघाटी करणे, त्या क्षेत्रातील ओळखी. ही उणीव भरून काढण्यासाठी एम.बी.ए. आणि तेही याच संस्थेत का, याचे उत्तर मग आपोआप मिळते.

हे आधीच ठरलेले असावे, कारण वेळ थोडा असतो. फ्रान्समधील फोंतेनब्लोच्या इन्सीड संस्थेचा अभ्यासक्रम अवघ्या दहा महिन्यांचा आहे. तेथे पोहोचून स्थिरावतो न स्थिरावतो तोच नोकरीचा शोध सुरू होतो. अमेरिकेतील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत काम करून पाहता येते. पण परक्या देशात काम करण्याचा परवाना मिळणे आपल्या हाती नसते. म्हणून मनात दुसरा मार्गही तयार असावा.

यात घरच्यांचाही प्रश्न आहे. आपल्याकडे कित्येकदा घर तारण ठेवून शिक्षणाचे कर्ज काढले जाते. पहिल्या नोकरीच्या पगारात हप्ता बसेल काय आणि ती नोकरी न मिळाल्यास तो कोण भरील, हा हिशेब अर्ज पाठविण्यापूर्वी आईवडिलांसमवेत बसून कागदावर मांडावा.

दीर्घकालीन ध्येय

येथे एक मोठी चूक होते : लोक पद लिहितात. ‘अमुक कंपनीचा संचालक होईन.’ आपल्या बेटाने एवढे तरी शिकविले आहे की उद्योग माणसासाठी थांबत नाहीत. युरोपने १९७५ सालापासून आपली साखर हमीभावाने घेतली. ती व्यवस्था २००९ साली संपली. कापडाच्या निर्यातीला आधार देणारी आंतरराष्ट्रीय कोट्याची पद्धत २००४ अखेर बंद झाली आणि अनेक कारखान्यांतील बायकांच्या नोकऱ्या गेल्या. १९८२ सालच्या भारताबरोबरच्या कर-करारावर आपला गुंतवणुकीचा व्यवसाय वाढला. त्या करारात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. पंधरा वर्षांनंतरची खुर्ची कोणी पाहिली आहे?

म्हणून पद लिहू नये, काम लिहावे. वरील मुलीचे दीर्घकालीन ध्येय असे होऊ शकेल : ‘लहान बेटांवरील घरांना आणि छोट्या कारखान्यांना परवडणारी वीज मिळावी, यासाठी भांडवल उभारणारी संस्था काढणे.’ हे काम पोर्ट लुईत बसून करता येते, नैरोबीतही करता येते. उद्योगाचे रूप बदलले तरी कामाची गरज उरते. शिवाय पहिली नोकरी ही त्याची पहिली पायरी आहे, हे वाचणाऱ्याला लगेच दिसते.

परतणार की नाही?

हा प्रश्न अवघड आहे. मुलाने परत यावे, सरकारी नोकरी मिळाली तर सोन्याहून पिवळे, असे वडिलांना वाटते. मुलाच्या मनात कदाचित दुसरेच असते. तो अर्जात एक लिहितो आणि घरी दुसरे सांगतो. शिष्यवृत्तीची अट परतण्याची असेल तर ती पाळलीच पाहिजे. अट नसेल तर खरे तेच लिहावे. मुलाखतीत दोन-तीन प्रश्नांतच उसने उत्तर उघडे पडते. तेथे निभावले तरी घरच्यांना पुढे बसणारा धक्का टळत नाही.

एक सोपी कसोटी सांगतो. अर्ज पाठविण्यापूर्वी आपली दोन्ही ध्येये आजीला क्रेओलमध्ये किंवा मराठीत सांगून पाहा. तिला ती समजली, तर ती स्पष्ट आहेत. ‘मग घरी कधी येशील?’ असे तिने विचारले आणि तुम्हाला तिच्या नजरेला नजर देऊन उत्तर देता आले, तर ती खरीही आहेत.

१८३४ नंतर मुंबई बंदरातून आपले पूर्वज येथे मजुरीच्या करारावर आले. काम कोणते, मुदत किती, पगार किती, हे त्या कागदावर दुसऱ्यांनीच लिहिलेले असे. आज आपल्या मुलांच्या हाती कोरा कागद आहे. तो त्यांनी स्वतः विचार करून भरावा. शेजाऱ्याच्या मुलाच्या अर्जावरून उतरवू नये.