दुखण्याआधीचा बिघाड
टाइप १ मधुमेहात पायांना मुंग्या येण्याच्या कितीतरी आधी बिघाड सुरू झालेला असतो. नसांना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या खराब होतात, वाढलेली साखर नसांनाही थेट इजा करते. बहुधा आधी बारीक तंतू जातात: ऊन-गार आणि वेदना कळवणारे. दवाखान्यात कंपन कळते का हे पाहणारा ट्यूनिंग फोर्क मात्र जाड तंतू तपासतो. म्हणून त्याच्या ‘नॉर्मल’ अहवालावर फार विसंबू नये.

अमेरिका-कॅनडात १,४४१ रुग्णांवर झालेल्या ‘डीसीसीटी’ अभ्यासात (१९८३-९३) साखर काटेकोर राखणाऱ्यांत मज्जातंतूंचा विकार ६० टक्क्यांनी घटला. मात्र साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले.

बारीक रक्तवाहिन्यांचा हाच बिघाड मूत्रपिंडांत आणि डोळ्यांतही होतो. म्हणून निदानाला पाच वर्षे झाली की दरवर्षी पाय आणि मूत्रपिंडांसाठी लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्या. डोळ्यांची तपासणी त्याआधीच सुरू करा.