परगांवचें सज्ज बिऱ्हाड

परगांवीं पंधरा-वीस दिवस राहण्याचा प्रसंग आला, म्हणजे आपल्या घरांतून पहिला प्रश्न निघतो तो, "तेथें आपलें कोण आहे?" हाच. जालन्यास अशा प्रसंगानें जाणारांची संख्या थोडी नाहीं. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं तेथें महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, तेव्हांपासून त्या व्यापाराची माणसें येतात. २०१८ पासून मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीची शाखाही तेथें आहे. आणि गणपती नेत्रालयामुळें डोळ्यांचे रोगी तर दूरदूरच्या गांवांहून येतात. या शेवटच्या मंडळींविषयींच आम्हांस येथें लिहावयाचें आहे.

मोतीबिंदूच्या रोग्यास बहुधा त्याच दिवशीं घरीं जातां येतें. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट निराळी. तींत डोळ्यांत वायु भरला असेल, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस मान खालीं घालून बसावें अथवा पालथें निजावें लागतें. तो वायु विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य. वारंवार तपासणीस जावें लागतें तें वेगळेंच. असा मनुष्य आप्तांच्या दोन खोल्यांत उतरला म्हणजे काय होतें, याचा विचार उतरणारे फारसा करीत नाहींत. यजमान तोंडभरून "या" म्हणतो. त्याचें मोल देते ती त्याची पत्नी. पहांटेचा चहा, पथ्याचा मऊ भात, समाचारास येणारांचा फराळ, हें सारें नोकरीच्या वेळा सांभाळून तिनेंच करावयाचें. आणि रोग्यानें बैठकीच्या खोलींत, आल्यागेल्यांच्या देखत, पालथें पडून राहावयाचें! या प्रकारास आपण आतिथ्य म्हणतों.

सर्व्हिस अपार्टमेंट ही सोय अशा वेळीं खरी उपयोगी पडते. भांडींकुंडीं, अंथरुणें, शेगडी यांनीं सज्ज असलेलें हें बिऱ्हाड दिवसांच्या किंवा महिन्याच्या बोलीनें मिळतें. झाडलोट व चादरी बदलणें मालकाकडे, स्वयंपाकघर मात्र आपल्या स्वाधीन. हॉटेलांत रोग्यास मुगाची खिचडी अपरात्रीं कोण करून देणार? कल्पनाही अगदींच परकी नव्हे. देवळालीस पारशी व गुजराथी समाजांनीं बांधलेल्या सॅनिटोरियमांत हवापालटास गेलेलीं कुटुंबें आपली चूल मांडून राहत आलेलीं आहेत.

पुण्यामुंबईस अशीं बिऱ्हाडें पुष्कळ; जालन्यास तीं चौकशी करून शोधावीं लागतात. कुंडलिकेच्या कांठची जुनी वस्ती गजबजलेली. रोग्यास गांवाबाहेरची एखादी नवी, शांत वसाहतच बरी. मात्र पलंग आणि पंखे पाहण्यापूर्वीं पाण्याची चौकशी करावी. २०१२-१३ च्या दुष्काळांत या जिल्ह्यानें काय सोसलें, तें तेथील कोणीही सांगेल. नळास पाणी किती दिवसांआड येतें, टाकी केवढी आहे, उन्हाळ्यांत टँकरचे पैसे कोणाकडे, हें बोलीच्या वेळींच ठरवावें. बिऱ्हाड वरच्या मजल्यावर असल्यास वीज गेल्यावर लिफ्ट चालते कीं नाहीं, हेंही विचारावें. घर लिव्ह अँड लायसन्सनें घेणें झाल्यास करार लेखी व नोंदलेला असावा, असें १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो. मालक "तोंडीच भागवूं" म्हणाला तरी ऐकूं नये.

शांत वसाहतीची एक उणीवही आहे. दारें बंद असतात, आणि रात्रीं रोग्याचा डोळा ठणकूं लागला तर हांकेला ओ देणारें शेजारीं कोणी नसतें. यासाठीं रोग्याबरोबर एक धडधाकट सोबती असावाच, आणि रुग्णालयाचा फोन भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

राहतां राहिला आप्तांचा राग. "आमचें घर काय वाळीत टाकलें?" असें विचारणारे निघतीलच. त्यांस एके संध्याकाळीं सहकुटुंब आपल्या बिऱ्हाडीं बोलवावें. त्या घरची गृहिणी त्या दिवशीं खुर्चीवर बसेल आणि चहा सोबत्यानें करावा. तेवढ्या कपबशा आहेत ना, हें मात्र मालकास आधींच विचारून ठेवावें.