समोरचा मुका, तर तुमचं यंत्र बहिरं

वरंध घाटातल्या वळणावर एसटीचा ड्रायव्हर हॉर्न देतो, तेव्हा समोरच्या गाडीला हॉर्न नसला तरी बिघडत नाही. ऐकणारे कान असले की झालं. ग्लायडर-पॅराग्लायडरसाठी मिळणाऱ्या टक्कर टाळणाऱ्या यंत्रांचं तसं नाही, आणि पैसे नेमके इथेच वाया जातात.

‘फ्लार्म घेतलं की आजूबाजूचं सगळं दिसतं’ हा त्यातला सर्वांत महागात पडणारा समज. फ्लार्म 2004 साली स्वित्झर्लंडमध्ये निघालं. ते जीपीएसवरून आपली जागा आणि पुढच्या काही सेकंदांची वाट काढतं, ती रेडिओवर सांगत राहतं, दुसऱ्या फ्लार्मचं ऐकतं आणि दोन वाटा एकमेकींत शिरत असतील तर ओरडतं. ज्याच्याकडे यंत्र नाही तो पायलट, ड्रोन किंवा घार त्याच्या हिशेबात नसतेच. महागडी मॉडेलं विमानांचे ट्रान्सपाँडरही (विमानाचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रं) ऐकतात, पण बिनयंत्राचा पॅराग्लायडर त्यांनाही दिसत नाही.

दुसरा घोळ नावांचा. पॅराग्लायडिंगच्या अनेक व्हेरिओंवर (चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या यंत्रांवर) ‘फ्लार्म’ लिहिलेलं असतं. बहुतेकदा त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही ताठ पंखांच्या ग्लायडरला दिसाल. तो तुम्हाला दिसेलच असं नाही. पॅराग्लायडर एकमेकांना दिसण्यासाठी फॅनेट नावाची वेगळी भाषा आहे. म्हणून दुकानदाराला ‘फ्लार्म आहे का’ असं विचारू नका. ‘पाठवतं की ऐकतंसुद्धा, आणि कोणत्या भाषेत’ असं विचारा. फ्रिक्वेन्सीही विचारून घ्या. आपल्याकडे विनापरवाना वापरायला मोकळा असलेला पट्टा 865 ते 868 मेगाहर्ट्झचा, आणि युरोपातली फ्लार्म यंत्रं 868 च्या किंचित वर बोलतात.

‘मग मोबाईलवरचं फुकटचं ॲप काय वाईट?’ वेल्ह्याच्या खोऱ्यांत नेटवर्क शोधत हिंडलेल्या माणसाने तरी हे विचारू नये. नेटवर्क असलं तरी नकाशावर समोरच्याचा ठिपका उशिरा सरकतो. ताशी 36 किलोमीटरने समोरासमोर येणारे दोन पॅराग्लायडर सेकंदाला 20 मीटरने जवळ येतात. ॲप 5 सेकंद मागे असेल, तर 100 मीटर अंतर आधीच संपलेलं असतं. तुम्ही उतरल्यावर कुठे आहात हे घरच्यांना कळवायला मात्र ॲप उत्तम.

डोंगराचंही एक गणित आहे. या यंत्रांची ताकद बेताची असते आणि रेडिओलहर कडा भेदून जात नाही. समजा, एक जण राजगडाच्या गुंजवणी नदीच्या अंगाला आहे आणि दुसरा वेळवंडी नदीच्या अंगाला. दोघांकडे एकसारखंच यंत्र असलं तरी धार ओलांडेपर्यंत एकमेकांचा पत्ता लागणार नाही. आपलं स्वतःचं शरीरही आडवं येतं. छातीसमोर बांधलेलं यंत्र पाठीमागच्या बाजूला कमी ऐकतं.

‘आकाश एवढं मोठं, धडकणार कोण?’ असंही म्हणतात. आकाश मोठंच आहे, पण वर नेणारी हवा चिंचोळी. भाटघर धरणाच्या वर घारी बघा: सगळ्या एकाच अदृश्य खांबाभोवती फिरतात. पायलटही तिथेच गोळा होतात. म्हणून अशा खांबात, म्हणजे थर्मलमध्ये, जो आधी, त्याची दिशा सगळ्यांची. धारेवर उडताना ज्याच्या उजव्या हाताला डोंगर, त्याला वाट; समोरच्याने दरीकडे वळायचं. याला पैसे पडत नाहीत.

आणि नजरेचा एक फसवा खेळ. आकाशात सरकणारा ठिपका सहसा निघून जातो. तुम्ही सरळ जात असताना समोर एकाच जागी स्थिर राहून मोठा होत जाणारा, तोच तुमच्यावर येत असतो. आपली नजर मात्र हलणाऱ्याकडेच आधी जाते.

बजेट कमी असेल तर माझं मत सरळ आहे. एकट्याने भारी यंत्र घेण्यापेक्षा, ज्या पाच-सहा जणांबरोबर तुम्ही खरोखर उडता त्यांनी मिळून एकाच भाषेचं साधं यंत्र घ्यावं. सुट्ट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर फुकट सॉफ्टवेअर चढवून घरी बनवलेलंही चालेल, फक्त जमिनीवर एकमेकांना दिसतं का हे आधी तपासा. एक जण मोकळ्या माळावर दूरपर्यंत चालत गेला की पुरे.