पेंडीला बुरा, दुधाला दोष

दुधाचा विषय निघाला की गप्पा युरियावर आणि वॉशिंग पावडरवर येऊन थांबतात. ‘एफएसएसएआय’च्या २०१८च्या राष्ट्रीय दूध पाहणीचे आकडे मात्र वेगळंच सांगतात. ६,४३२ नमुन्यांपैकी घातक भेसळ निघाली अवघ्या १२ नमुन्यांत, तर अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होतं ३६८ नमुन्यांत. हे विष दुधात कुणी मिसळलेलं नव्हतं. ते गव्हाणीतून आलं होतं.

ओल लागलेली सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा यांवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार करते. १९६०मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचला आणि या विषाचा शोध लागला.

‘बुरा झटकला, पेंड उन्हात घातली की झालं,’ असं गोठ्यात सर्रास ऐकू येतं. उन्हाने बुरशी मरते. तिने सोडलेलं विष तिथेच राहतं. शिवाय ते डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे स्वच्छ दिसणारी पेंडही निर्धोक असेलच असं नाही.

‘जनावराच्या पोटात सगळं जिरतं’ हे अर्धंच खरं. गाईचं यकृत बी-१चं एम-१ करतं. त्याची विषारी ताकद मूळ विषाच्या साधारण दहावा हिस्सा मानतात, पण ते दुधात उतरतं, तेही दिवसभराच्या आत. खाल्लेल्या विषाचा एक-दोन टक्के भाग असा बाहेर पडतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईत त्याहून जास्त. हिशेब करून पाहावा: किलोला १०० मायक्रोग्रॅम विष असलेलं ५ किलो खाद्य दिलं आणि गाईने १० लिटर दूध दिलं, तर दोन टक्के धरून लिटरमागे एक मायक्रोग्रॅम. म्हणजे भारतीय मर्यादेच्या दुप्पट. दिलासा एवढाच, की खराब खाद्य थांबवल्यावर तीन-चार दिवसांत दूध निवळतं.

दूध उकळून विष जात नाही, पाश्चरायझेशननेही नाही. ते केसीन या प्रथिनाला चिकटतं, म्हणून चीजमध्ये दाटतं आणि लोण्या-तुपात फारसं जात नाही.

अंड्यांची धास्ती मात्र जरा जास्तच घेतली जाते. कोंबडीच्या खाद्यातल्या अफ्लाटॉक्सिनचा अंड्यात उतरणारा वाटा दुधाच्या मानाने नगण्य असतो. नुकसान आधी कोंबडीचंच होतं: यकृत बिघडतं, अंडी घटतात, आणि पोल्ट्रीवाल्याला ते वहीतल्या आकड्यांवरूनच कळतं.

राहिला प्रश्न मर्यादेचा. ती निसर्गाने ठरवून दिली आहे, असं वाटणाऱ्यांनी सर्बियाकडे पाहावं. २०१२च्या दुष्काळात तिथल्या मक्याला बुरशी लागली आणि २०१३च्या सुरुवातीला दुधाने किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅमची युरोपीय मर्यादा ओलांडली. सरकारने मर्यादाच ०.५वर नेली. भारताची मर्यादाही तेवढीच आहे.