पेनस्टँडवरची छोटी गाडी उखडू नका! बैठकीसकटच तिची ओळख

पिंपरी-चिंचवडमध्ये ज्या घरातल्या कोणी पंचवीस-तीस वर्षे कंपनीची बस पकडली आहे, त्या घराच्या शोकेसमध्ये डोकावून पाहा. क्वालिटी सर्कलची ढाल, सुरक्षा सप्ताहात मिळालेले घड्याळ आणि त्यांच्या शेजारी लाकडी ठोकळ्यावर स्क्रूने आवळलेली एखादी छोटी धातूची गाडी दिसू शकते. घर बदलताना किंवा रंगकाम काढताना ही वस्तू ‘देऊन टाकायच्या’ पिशवीत जाते. त्याआधी घरातले पोर गाडी खेळायला मागते आणि कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर आणते. संग्राहकाच्या हिशेबाने खरे नुकसान तिथेच होते.

कारण डायकास्ट गाड्यांच्या छंदात ‘गिफ्टवेअर’ नावाची एक वेगळी शाखा आहे. नुसती गाडी नाही; ॲशट्रे, पेनस्टँड, सिगारेटची पेटी अशा वस्तूवर कारखान्यातच बसवून आलेली गाडी.

सुरुवात कुठून झाली?

यातले सर्वांत गाजलेले नाव ‘मॅचबॉक्स’. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोन मित्रांनी १९४७ मध्ये लंडनमध्ये ‘लेस्नी प्रॉडक्ट्स’ सुरू केली. आडनाव एकच, पण नाते नव्हते. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून कंपनीचे नाव झाले. जॅक ओडेल हा डाय बनवणारा कारागीर त्यांना येऊन मिळाला. त्याच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येई, म्हणून त्याने तिला चिमुकला रोडरोलर करून दिला. १९५३ मध्ये त्यातूनच ‘मॅचबॉक्स’ मालिका आली.

१९५६ मध्ये कंपनीने ‘मॉडेल्स ऑफ यस्टरइयर’ ही जुन्या गाड्यांची मालिका काढली. १९११ ची फोर्ड मॉडेल टी, १९१२ ची रोल्स-रॉईस अशा गाड्या त्यात होत्या. मुलांइतकेच मोठेही त्या घेऊ लागले. मग त्याच गाड्यांना सोनेरी किंवा रुपेरी मुलामा चढवून टेबलावर ठेवायच्या वस्तूंवर बसवायला सुरुवात झाली. साचा तोच, गिऱ्हाईक मात्र बदलले. लेस्नी १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली. नाव हात बदलत १९९७ मध्ये मॅटेलकडे आले.

पाहुण्यासमोर ॲशट्रे सरकवणे हा शिष्टाचार होता, त्या काळाच्या या वस्तू. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी २ ऑक्टोबर २००८ पासून कडक झाली. आज ऑफिसात कोणी ॲशट्रे भेट दिला तर एचआरचा मेल येईल.

गाडी सुटली की काय बिघडते?

अशी गाडी बसवायची तर तिला खालून पकड द्यावी लागते. त्यामुळे बुडाला भोके किंवा स्क्रूच्या खुणा राहतात. मुलामा असलेली पण बैठक नसलेली गाडी हाती आली, तर जाणकार आधी ती उलटी करतो. भोके दिसली की ती कशावरून तरी उखडलेली आहे हे कळते. मग ती धड खेळणे राहत नाही, धड गिफ्टवेअरही नाही. उलटी लबाडीही होते: साधी गाडी कुठल्याही ठोकळ्यावर चिकटवून ‘ओरिजिनल’ म्हणून विकली जाते. जुन्या लाकडावर चकचकीत नवा स्क्रू, किंवा चाकांच्या जागेशी न जुळणारी धुळीची खूण दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

धातूचा रोग

या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम. जस्ताचा हा मिश्रधातू ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, म्हणून ‘हॉट चेंबर’ मशीनवर भराभर ओतता येतो. चाकण-भोसरीच्या शॉपमध्ये इंजिनाचे ॲल्युमिनियमचे भाग ‘कोल्ड चेंबर’वर निघतात, कारण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि मशीनचे लोखंडी भाग खाते. डाय, रनर, फ्लॅश हे शब्द मात्र दोन्हीकडे सारखेच. चाकणच्या फिटरला मॅचबॉक्सच्या बुडावरची पार्टिंग लाइन समजावून सांगावी लागत नाही.

जस्तात शिसे ०.००५ टक्क्यापेक्षा जास्त गेले, तर धातू कणांच्या सीमांवरून आतून कुजू लागतो. याला ‘झिंक पेस्ट’ म्हणतात. पृष्ठभागावर बारीक जाळी, मग फुगवटा, मग तुकडे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या खेळण्यांत हे जास्त दिसते. यावर औषध नाही. हा रोग शेजारच्या गाडीला लागत नाही, पण दमट हवेत वेग घेतो. आपल्या पावसाळ्यात बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला.

चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यांपैकी काहीही लावू नका. मुलामा अतिशय पातळ असतो; एकदा गेला की खालचा करडा जस्त दिसतो. मऊ ब्रश पुरे. सुटलेला आरसा ‘इन्स्टंट ग्लू’ने जोडू नका, त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी छटा येते.

घरातली गाडी

लेस्नीचा ॲशट्रे आपल्याकडे क्वचितच सापडेल. मुंबईचा चोर बाजार किंवा बुधवार-रविवारचा पुण्याचा जुना बाजार धुंडाळावा लागेल. पण कंपनीची भेट म्हणून आलेली, ठोकळ्यावरची गाडी इथे घराघरांत आहे आणि तिच्याकडे कोणी वस्तू म्हणून पाहतच नाही. १९७२ ची बजाज चेतक, १९८६ ची टाटा ४०७, १९९८ ची इंडिका यांचा इतिहास याच पट्ट्यातला. मर्सिडीज २००९ मध्ये चाकणला आली, फोक्सवॅगनचा कारखानाही त्याच वर्षीचा. प्रदर्शनात मोठी गाडी जपली जाते. शॉप फ्लोअरवरच्या माणसाला काय मिळाले, ते फक्त या ठोकळ्यावर राहते.

म्हणून गाडीइतकीच खालची पितळी पट्टी महत्त्वाची. त्यावर प्रसंग, विभाग, तारीख असते. भंगारात लाकूड एका ढिगात जाते आणि धातू दुसऱ्या. विकायचीच असेल तर नाव नको म्हणून पट्टी खरवडू नका. नावावर कागदी टेप लावा, तारीख उघडी ठेवा. आणि वस्तू ज्यांना मिळाली ते घरात असतील, तर कुठल्या लाइनवर, कशासाठी मिळाली ते विचारून चिठ्ठी ठोकळ्याखाली चिकटवा. डिंक चालेल, सेलोटेप नको. तो पिवळा पडतो.